रंग वगळण्याचा निर्णय



स्नेहसंमेलनात नाटक आणि नृत्य यांच्या जोडीला विद्यार्थ्यांनी केलेला कृष्णधवल लघुपट दाखवला जावा, ही गोष्ट कौतुकाची खरीच. परंतु ज्या काळात साधा मोबाइलही लक्षावधी रंगछटा टिपतो, त्या काळात विद्यार्थी दिग्दर्शकाने रंग वगळण्याचा निर्णय का आणि मुख्यतः केव्हा घ्यावा, हा प्रश्न कौतुकाइतकाच महत्त्वाचा आहे. पुष्कळदा तो संकलनाच्या वेळी, म्हणजे चित्रीकरण आटोपल्यावर घेतला जातो आणि त्यामागे न जुळणारा प्रकाश किंवा वर्गाच्या भिंतीचा भडक रंग झाकण्याची सोय असते. अशा लघुपटाला कृष्णधवल म्हणण्यापेक्षा रंग उडालेला म्हणणे अधिक योग्य ठरेल.

कृष्णधवल प्रतिमेत प्रत्येक रंग करड्या छटेत उतरतो, आणि कोणता रंग किती गडद उतरेल याचा अंदाज नुसत्या डोळ्यांना सहसा येत नाही. गर्द लाल शालू आणि गर्द हिरवा चुडा एरवी एकमेकांना उठाव देतात, पडद्यावर मात्र ते जवळपास एकाच करड्या छटेत मिसळू शकतात. त्यामुळे वेशभूषा आणि नेपथ्य ठरवतानाच करडेपणाचा विचार व्हावा लागतो. मूकपटांच्या काळात 'ऑर्थोक्रोमॅटिक' फिल्म प्रचलित होती. ती निळा आणि हिरवा प्रकाश टिपत असे, तांबड्याला मात्र जवळपास आंधळी असे, म्हणून तिच्यावर लाल ओठ काळे आणि निळे आकाश पांढरेफटक उमटे. पुढे सर्व रंगांचा प्रकाश टिपणारी 'पॅनक्रोमॅटिक' फिल्म रूढ झाली, आणि भिंगापुढे लाल फिल्टर लावून तेच आकाश काळवंडवता येऊ लागले. आजच्या संगणकीय संकलनात लाल, हिरव्या व निळ्या घटकांचे प्रमाण बदलून हाच परिणाम साधतो. तथापि चेहऱ्यावर सावली कोठे पडावी, हे चित्रीकरणाच्या जागीच ठरवावे लागते.

फिल्मवर शिकलेल्या पिढ्यांना आणखी एक शिस्त आपोआप लागली. १६ मिलिमीटर फिल्मचे १०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटी या वेगाने जेमतेम पावणेतीन मिनिटे चालते, आणि चावीच्या बोलेक्स कॅमेऱ्यात एका चावीत अर्ध्या मिनिटाहून लांब दृश्य घेता येत नसे, म्हणून कळ दाबण्याआधीच विचार करणे भाग पडे.

अडचणीतून शैली कशी घडते, याचे उत्तम उदाहरण पोलंडमधील वूच येथील चित्रपटविद्यालयात क्रिस्तॉफ किश्लोव्स्की यांनी विद्यार्थिदशेत, १९६६ साली केलेला 'कार्यालय' या अर्थाच्या शीर्षकाचा लघुपट होय. सुमारे सहा मिनिटांच्या या कृष्णधवल माहितीपटात सरकारी विमा कचेरीची खिडकी, तिच्यापुढे ताटकळणारी वृद्ध माणसे आणि फायलींनी भरलेली कपाटे एवढेच दिसते. आवाज आणि चित्र एकमेकांशी काटेकोर जुळवलेले नाहीत, आणि नेमक्या या तुटकपणामुळे खिडकीमागचा स्वर कोणा एका कारकुनाचा न राहता साऱ्या व्यवस्थेचा वाटू लागतो. रंग असता तर प्रेक्षकाची नजर कोटाकडे, टोपीकडे वळली असती. येथे ती चेहरा आणि कागद यांवरच खिळते. पुढे याच दिग्दर्शकाची कीर्ती निळा, पांढरा आणि लाल या तीन रंगांची नावे दिलेल्या चित्रत्रयीने जगभर पोहोचली, हा योगायोगही गमतीचा आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर चाळिशी उलटल्यावर चित्रपटविद्या शिकू लागलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हाती घेण्यापूर्वी अंकुरणाऱ्या वाटाण्याचा छोटासा पट तयार केला होता. वाढत्या रोपाच्या चौकटी ठरावीक अंतराने टिपून त्या सलग दाखवण्याच्या या तंत्रामुळे अनेक दिवसांची वाढ क्षणांत दिसली आणि धंद्यात पैसा घालणाऱ्याचा विश्वास बसला. विषय वाढीचा होता, तिला हिरव्या रंगाची गरज नव्हती. साधन आणि विषय यांचा असा मेळ विद्यार्थ्यांच्या पहिल्या प्रयत्नात दिसला, तर तांत्रिक उणिवा क्षम्य मानाव्यात.

तेव्हा पुढील लघुपट करणाऱ्यांनी पटकथा पक्की होताच पात्रांचे कपडे आणि चित्रीकरणाची जागा मोबाइलवर करड्या छटांत पाहून घ्यावी, आणि महाविद्यालयाने पुढील वर्षीच्या स्नेहसंमेलनात लघुपटानंतर अर्धा तास चर्चेसाठी राखून ठेवावा, म्हणजे रंग का वगळला याचे उत्तर दिग्दर्शकाला प्रेक्षकांसमोर देता येईल, अशी दोघांनाही विनंती आहे.