‘येतो’ म्हणून निघावे
(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा येथील काकडा समाप्तीच्या काल्याच्या कीर्तनातून)



माय-बाप हो, कोजागिरीपासून चाललेला महिनाभराचा काकडा आज कार्तिक पौर्णिमेला पूर्ण झाला. थंडीच्या पहाटे तुम्ही आंघोळी करून आलात, देवाला ओवाळलं, आणि आज काल्याने त्याची सांगता. सेवेचा अभंग गाऊन झाला. आता काल्याविषयी चार शब्द बोलायचे. पण आज काल्याबरोबर आणखी एक विषय आपोआप आला आहे. तो मी आणला नाही, तुमच्या तोंडावरच दिसतो आहे. पाहुणे परत निघाले.

आपल्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की दिवाळी संपत नाही बाप्पा, खरी सुरू होते. मंडई भरते. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. दिवसा दंडार, रात्रभर नाटक. माहेरवाशिणी लेकरांना घेऊन येतात. नागपूरचा भाऊ येतो, पुण्याच्या कंपनीतला पोरगा येतो, सुरतेकडे कामाला गेलेला पुतण्या येतो. वर्षभर ज्या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक दिवा, त्या घरात अंथरुणं पुरत नाहीत. आणि मग एक दिवस सुट्टी संपते. कुणी पवनीवरून भिवापूर-उमरेड करत नागपूरला, कुणी वरठीला भंडारा रोड स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेस धरून पुण्याकडे. शेतात हलका धान कापून झालेला, भारी धान अजून बांधीत उभा, आणि हातभार लावणारी पोरं निघालेली!

त्या दिवशी घरात कसं असतं? कुणी कुणाशी नीट बोलत नाही. आई उगाच भांडी वाजवते. बाप ओसरीवर बसून गाडीची वेळ तिसऱ्यांदा विचारतो. आनंद की दुःख? दोन्ही. आले म्हणून आनंद, आणि आले म्हणूनच दुःख. जो आलाच नाही, त्याच्या जाण्याचं दुःख कुठून होणार? दही गोड लागतं आणि आंबटही लागतं, तशी ही गोष्ट आहे. दोन्ही चवी एकाच घासात.

आणि म्हणून आज काल्याचं चिंतन करू. (विठ्ठल नामाचा गजर)

काला नेहमी शेवटी का असतो? सप्ताह असो, काकडा असो, शेवटचा दिवस काल्याचा. आषाढीची वारी घ्या. एवढे दिंड्यांचे दिवस चालून वारकरी पंढरीला पोचतो, एकादशी होते, आणि पौर्णिमेला पालख्या गोपाळपुरी जातात. तिथे गोपाळकाला होतो, आणि मग परतीची वाट. म्हणजे आपल्या संतांनी निरोपाचा दिवस रिकामा ठेवला नाही. त्या दिवशी हातावर घास ठेवला. प्रत्येकाची शिदोरी एकत्र केली, कालवली, आणि सांगितलं, आता हा घास खाऊन घरी जा. तुझ्या पोटात सगळ्यांच्या घरचं अन्न आहे.

मूळ काला कुठला? भागवताच्या दशम स्कंधात तेराव्या अध्यायात ही कथा आहे. यमुनेचं वाळवंट. मध्यभागी भगवंत, भोवती गोपाळ गोल करून बसलेले. कुणी पानावर, कुणी फुलावर, कुणी दगडावर आपापली शिदोरी सोडलेली. एकमेकांना चव दाखवतात, हसतात, हसवतात. देवाच्या डाव्या हातात दहीभाताचा घास. आणि ऐन जेवणात काय झालं? वासरं चरता चरता दूर गेली, दिसेनाशी झाली. पोरं घाबरली. देव म्हणाले, तुम्ही जेवण थांबवू नका, मीच वासरं घेऊन येतो. आणि हातातला घास तसाच घेऊन निघाले.

बघा हं, देवही निघताना ‘येतो’ म्हणूनच निघाले!

इकडे ब्रह्मदेवाने वासरं नेली, आणि मागाहून गोपाळही नेले. एक वर्षाची ताटातूट झाली. वर्ष गेलं, ब्रह्मदेवाचा गर्व गेला, भगवंत वासरं घेऊन परत त्याच वाळवंटात आले. गोपाळ तिथेच, शिदोरी तशीच. त्यांना वर्ष गेल्याचं कळलंच नाही, अर्धा क्षण गेला असं वाटलं. ते काय म्हणाले ठाऊक आहे? ‘अरे, किती लवकर आलास! तुझ्यावाचून आम्ही एक घाससुद्धा खाल्ला नाही. ये, बस, नीट जेव.’

माय-बाप हो, प्रेमाची खूण ही आहे. कुणाशी रोज बोलणं होतं यावरून प्रेम मोजू नका. वर्षाने भेट झाली आणि जिथे घास थांबला होता तिथूनच जेवण पुढे सुरू झालं, तर ते प्रेम. तुमचा बालमित्र दहा वर्षांनी मंडईत भेटला, पानाच्या ठेल्यापाशी उभं राहून त्याने पहिलाच शब्द शाळेतल्या टोपणनावाने काढला, तर समजा, मधली दहा वर्षं ब्रह्मदेव घेऊन गेला होता. तुमचं काही गेलं नाही. (गजर)

पण महाराज, तुम्ही म्हणाल, गोपाळांना वर्ष कळलं नाही, आम्हाला तर एकेक दिवस कळतो. पोरगा गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठतं. खरं आहे. म्हणून दुसरी कथा पाहू, ती घराची कथा आहे.

भारती युद्ध संपलं. भगवंत हस्तिनापुरात होते. बहीण सुभद्रा तिथे, आत्या कुंती तिथे, मित्र अर्जुन तिथे. मुक्काम संपला, रथ सज्ज झाला, देव रथावर चढणार तेवढ्यात उत्तरा धावत आली, तिच्या गर्भावर संकट आलं होतं. देवांनी गर्भ रक्षिला. पुन्हा निघाले, तर कुंती पुढे आली, स्तुती करू लागली. मग धर्मराजाने प्रेमाने अडवलं. देव राहिले! भागवत सांगतं, सोयऱ्यांचं दुःख हलकं व्हावं आणि बहिणीचं मन राहावं म्हणून काही महिने राहिले. त्रैलोक्याचा धनी, पण बहिणीसाठी मुक्काम वाढवतो. आपल्याकडे रजा नसते, हे मी जाणतो. पण एखादा दिवस काढता येत असेल, तर बहिणीच्या शब्दासाठी काढावा. त्याला देवाचा दाखला आहे.

शेवटी मात्र निघावंच लागलं. त्या वेळचं वर्णन मोठं हृद्य आहे. घरातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यांनी ते पापणीतच अडवलं. का? निघणाऱ्याला अपशकुन होऊ नये म्हणून. आपल्या आया दारात दही-साखर हातावर ठेवतात, आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसतात, ती रीत हस्तिनापुरातही होती! अर्जुनाने डोक्यावर छत्र धरलं, उद्धव आणि सात्यकी चवऱ्या ढाळू लागले. आणि धर्मराजाने काय केलं? देवाच्या रक्षणासाठी बरोबर सैन्य दिलं. आता सांगा, ज्याने मधु दैत्य मारला, कंस मारला, त्याला वाटेत कोण धक्का लावणार? पण प्रेमाला शंका येते. चाळीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या बापाला आई म्हणतेच ना, ‘गाडीच्या दारात उभा राहू नको बाबू, पोचल्यावर फोन कर.’ त्यावर चिडू नका रे. ती आईच्या मायेची चतुरंग सेना आहे. बरोबर असू द्या.

पांडव रथामागे दूरवर चालत आले. शेवटी देवांनीच त्यांना आग्रहाने परत पाठवलं, आणि द्वारकेच्या वाटेला लागले. तिकडे द्वारकेच्या वेशीवर शंख वाजला, आणि सारी नगरी सामोरी धावली. म्हणजे हस्तिनापुरात जो निरोप, तोच द्वारकेत सोहळा. तुमची लेक इथून रडत निघते, तेव्हा तिकडे तिची सासू चुलीवर आंधण ठेवून वाट पाहत असते. आपल्या दारातून गेलेलं माणूस शून्यात जात नाही. ते कुणाच्या तरी दारात पोचतं. एवढं ध्यानात ठेवलं, तर रडू येईल, पण मन कडू होणार नाही. (गजर)

आता पिशवीची गोष्ट. आई पिशवी भरते. नव्या धानाचे तांदूळ, लाखोरीची डाळ, भिवापुरी मिरचीचं तिखट, अनारसे. पोरगा म्हणतो, ‘कशाला एवढं? तिकडे सगळं मिळतं.’ मिळतं रे बाबा! द्वारकेत काय मिळत नव्हतं? सुदाम्याच्या बायकोने शेजारी मागून चार मुठी पोहे फडक्यात बांधून दिले. सोन्याच्या नगरीत चार मुठी पोहे! सुदामा लाजला, लपवू लागला. देवांनी ओढून घेतले आणि आवडीने खाल्ले. देव मागून खातो, आणि आपण आईची पिशवी परत करतो? ओझं होत असेल तर थोडं घ्या, पण घ्या. ती डाळ नाही. म्हातारीला दुसरं काही देता येत नाही, म्हणून तिने आपला जीव फडक्यात बांधला आहे.

आणखी एक सांगतो. तुम्ही वैनगंगेकाठचे लोक, तुम्हाला हे जास्त कळेल. 1988 साली गोसेखुर्दच्या धरणाचं भूमिपूजन झालं. पुढे पाणी अडलं, कालव्यांनी धानाला पाणी मिळू लागलं, ते बरंच झालं. पण त्या पाण्याखाली गावं गेली. आज इथे बसलेल्या काही माय-बहिणींचं माहेर पाण्यात आहे. नवीन वस्तीत भाऊ आहे, घर आहे. पण ती ओसरी नाही, ते आंब्याचं झाड नाही, ते वेशीवरचं मारुतीचं देऊळ नाही. त्यांना विचारा, उंबऱ्यावरून निरोप घेणं हे किती मोठं भाग्य आहे. ज्याला मागे वळून पाहायला उंबरा आहे आणि उंबऱ्यात उभं माणूस आहे, त्याने निघताना जरूर रडावं, पण मनातून देवाचे आभार मानावे.

आणि म्हणून हात जोडून एक विनंती. निरोप चुकवू नका. एका गावी एक गृहस्थ होते, नोकरी दूर. दरवर्षी दिवाळीला येत आणि जायच्या दिवशी पहाटे, आई झोपेत असतानाच, हळूच निघून जात. मी विचारलं तर म्हणाले, ‘महाराज, तिचं रडणं पाहवत नाही.’ मग एकदा म्हातारी एकटी असताना बोलली. म्हणाली, ‘मी जागीच रायतो जी महाराज. गाडीचा आवाज दूर जाईवरी डोळे मिटून पडतो. त्याले बरं वाटावं म्हणून.’

ऐकलंत? दोघंही एकमेकांसाठीच करत होते, आणि दोघंही उपाशी राहत होते. मी त्या गृहस्थाला एवढंच म्हटलं, यंदा आईला उठवून निघा. त्याने ऐकलं. पाया पडला. म्हातारी रडली, तोही रडला. मग ती काठी टेकत स्टँडपर्यंत त्याच्याबरोबर चालत आली. अर्ध्या तासाची वाट. पुढच्या दिवाळीला म्हातारी नव्हती. तो मला म्हणाला, ‘महाराज, आईच्या खूप गोष्टी विसरलो. पण घरापासून स्टँडपर्यंतची ती वाट माझ्याजवळ आहे.’ (विठ्ठल, विठ्ठल)

आपल्या भाषेने आपल्याला एक शब्द दिला आहे. आपण ‘जातो’ म्हणत नाही. लहान पोर चुकून ‘जातो’ म्हणालं तर आजी दटावते, ‘जातो म्हणू नये, येतो म्हण.’ निघण्याच्या घडीलाच परत येण्याचं वचन. हे वचन खोटं करू नका. यायला जमलं नाही तर फोन करा, फोनवर म्हाताऱ्याला बोलू द्या. तोच तोच धान, तीच बैलजोडी, तेच गुडघे, ऐकून घ्या. आणि मागे राहणाऱ्यांनो, तुम्हीही एक करा. ‘आमच्याकडे कोण येतं आता’ असं म्हणून लेकराला पाठवू नका. जाणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवा, बोल ठेवू नका.

शेवटचं सांगून सेवेला विराम देतो. कुंतीने त्या निरोपाच्या वेळी देवाजवळ काय मागितलं? आधी म्हणाली, संकटं येऊ दे, कारण संकटात तू भेटतोस. मग म्हणाली, माझा पांडवांवरचा आणि यादवांवरचा स्नेहपाश तोड. आणि पुढे म्हणाली, गंगेचा ओघ जसा सागराकडे, तसं माझं मन अखंड तुझ्याकडे वाहो. पाश तोडा म्हणजे माया टाका असं नव्हे. पाश म्हणतो, ‘तू माझ्याजवळच राहा.’ प्रेम म्हणतं, ‘तू जिथे राहशील तिथे सुखी राहा.’ पाश अडवून धरतो, प्रेम वाहतं.

ही आपली वैनगंगा पाहा. सिवनीकडे मुंडारा गावी उगम पावते, आपल्या धानाला पाणी पाजते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. ती गोदावरी कुठून आलेली? त्र्यंबकेश्वरहून, नाथांच्या पैठणावरून. पवनीच्या घाटावरचं पाणी आणि पैठणच्या घाटावरचं पाणी, एकमेकांना कधी न पाहिलेलं, पुढे एक होतं आणि सागराला जातं. तशी आपण माणसं. कुणी आसगावात, कुणी पुण्यात, कुणी परदेशात. पण पहाटे उठून तुम्ही इथे नाम घेतलं आणि त्याने तिथे नाम घेतलं, तर ओघ एकाच सागराकडे. त्या ठिकाणी कुणी कुणाला सोडून जात नाही.

चला, हंडी फोडू. ज्याला गाडी धरायची आहे त्याला आधी काला द्या रे. आणि माय-बहिणींनो, आज डोळ्यांत पाणी आलं तर हसू नका कुणाला. तो काल्यातला मिठाचा खडा आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम!