शाळेच्या दप्तरापासून पेशवे दप्तरापर्यंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



'शाळा ते विद्यापीठ' या विषयावर मी बोलावं, असं कमिटीने सांगितलं. आपल्याकडची दोन-तीन मुलं यंदा दहावीला आहेत, म्हणून गोडगोड न बोलता जसं घडलं तसं सांगते.

१९९९ साली आम्ही बी विंगमध्ये राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. २००३ मध्ये दहावीला ८६ टक्के मिळाले आणि मी आर्ट्सला जाणार म्हटलं. "एवढे मार्क असून आर्ट्स?" हा प्रश्न जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर मला विचारला गेला. विचारणारे आज इथेच बसलेत, हसतायत!

इतिहासात बी.ए. केलं, मग एम.ए.ला मराठ्यांचा इतिहास घेतला. त्यासाठी मोडी वाचता यायलाच हवी. तळमजल्यावरचे आजोबा लहानपणी शाळेत मोडी शिकलेले. आधी आडवी रेघ ओढायची, मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरं जोडत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्यांनी वर्षभर रोज संध्याकाळी माझ्याकडून घटवून घेतलं. फी किती? तर एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. आज ते आपल्यात नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे रुमाल सोडून बसते, तेव्हा त्यांची आठवण येतेच. रियासतकार सरदेसाई यांनी याच दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी न वाचलेलं पुष्कळ शिल्लक आहे.

२०१० ला एम.ए., २०११ ला सेट पास. घरच्यांना वाटलं, लागली नोकरी. पण कायम जागा निघतच नव्हत्या. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे. मे महिन्यात तास नाहीत, पैसेही नाहीत, आणि जे मिळायचे ते तीन-चार महिन्यांचे एकदम. अशी आठ वर्षं गेली.

२०१४ मध्ये एका बँकेचं नेमणूकपत्र हातात आलं. पीएच.डी. अर्धी झाली होती. मी बँकेला नाही म्हटलं. बाबा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचंही बरोबरच होतं. या घराच्या कर्जाचे हप्ते तेच भरत होते. महिना संपल्यावर ते स्वतः त्या वेळच्या सेक्रेटरींकडे गेले आणि म्हणाले, "घरी टीव्हीचा आवाज असतो, रात्री पोरीला ऑफिसची किल्ली देता का?" पुढची चार वर्षं रात्री नऊ ते साडेअकरा मी सोसायटी ऑफिसात बसले. मेंटेनन्सच्या पावत्या एका बाजूला सारून तिथेच प्रबंध लिहिला. २०१८ ला पीएच.डी. मिळाली, २०१९ ला विद्यापीठाच्या इतिहास विभागात सहायक प्राध्यापक झाले.

आता मुलांसाठी कामाचं. सहायक प्राध्यापक व्हायला एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम.ला ५५ टक्के हवेत. राखीव प्रवर्गांना ५० चालतात. मग नेट किंवा सेट. नेट देशभर चालते, आपली सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. नेटमध्येच वरचे गुण मिळाले तर जेआरएफ मिळते, म्हणजे संशोधन करताना दरमहा फेलोशिप. मला ती मिळाली असती तर ती आठ वर्षं पुष्कळ सोपी गेली असती, म्हणून पहिल्यापासून नजर जेआरएफवर ठेवा. तिला वयाची अट आहे, नुसत्या पात्रतेला नाही. कायम नोकरीत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो. पगार चांगला आहे. तिथवर पोचायला मात्र वेळ लागतो, आणि तेवढा काळ घर कसं चालेल याचं गणित आई-बाबांबरोबर आधीच मांडा.

पालकांनाही एक विनंती. मूल आर्ट्स घेतो म्हणालं तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. त्याला विचारा, या विषयातलं अभ्यासक्रमाबाहेरचं तू काय वाचलंस? उत्तर देताना पोर थांबेना झालं, तर त्याचा हात सोडू नका.

पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटी ऑफिसात बसणार आहे. आठवी ते बारावीच्या कुणीही यावं, विषय कुठलाही असो. मोडी शिकायची असेल तर मोठ्यांनीही यावं. फी तीच, एक कप चहा. साखर चालेल.