पाण्याला तीन शब्द
(रेडिओवरील भाषण)



माझं माहेर चिखलीकडचं, म्हणजे घाटावरचं. बुलडाणा जिल्ह्यात कुणी भेटलं की आधी हेच विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? नेमणुकीचा आदेश हातात पडला तेव्हा वडिलांनी जिल्ह्याचा नकाशा पसरला. राजूर घाट उतरायचा, मोताळा, नांदुरा, मग पूर्णेचा पूल, मग जळगाव जामोद. तिथून वर सातपुडा. माझ्या शाळेचं गाव त्या नकाशात नव्हतंच. वडील म्हणाले, "घाटाखाली, आणि मग पुन्हा डोंगरात. पाण्याची चौकशी करून ठेव."

पाण्याचं त्यांनी बरोबर सांगितलं होतं. पहिलं वर्ष मी डोंगरात न राहता खाली पूर्णेकाठच्या सपाटीवर खोली घेऊन राहिले. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. जमीन काळीभोर, कपाशी उत्तम, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा. माठाला बाहेरून पांढरा थर चढायचा, तो मी दर रविवारी नारळाच्या शेंडीनं घासून काढायची. आता वान धरणाचं गोडं पाणी नळानं पुष्कळ गावांत पोचलंय. पण ज्या पिढीनं जन्मभर ते खारं पाणी प्यायलं, तिची दुखणी नळ आला म्हणून गेली नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी शाळेच्या गावातच राहायला गेले. डोंगरातलं पाणी गोड होतं, पण फेब्रुवारीत नाला आटला. मग झिरा. नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, त्यात पाणी हळूहळू पाझरतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला किती वेळ लागतो ते मी स्वतः बसून पाहिलं तेव्हा मला हजेरीपटाची लाज वाटली. कारण तोवर मी सकाळी उशिरा येणाऱ्या मुलींच्या नावापुढे खाडा मांडत होते. त्या पहाटेपासून झिऱ्यावर रांगेत असायच्या. त्यानंतर मी परिपाठाच्या वेळी हजेरी घेणं बंद केलं, दुपारच्या खिचडीआधी घेऊ लागले.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगते, कारण त्या कुठल्याही दुर्गम शाळेतल्या शिक्षकाला पाठ आहेत. एसटी डांबरी रस्त्याच्या शेवटच्या गावापर्यंत. पुढे पायी, मध्ये दोन नाले. पोषण आहाराची माहिती मोबाईलवर भरायची तर टेकडी चढायची, तिथं रेंज येते. चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही, विंचू असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, तेव्हा अर्धी शाळा पहाटे मोह वेचायला जाते आणि मोहाखाली अस्वलंही येतात, म्हणून मुलं परत येईतो जीव थाऱ्यावर नसतो. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर नाहीतर ऊसतोडीला निघून जातात. या सगळ्याची माणसाला सवय होते. खरंच होते. गाव ज्या तऱ्हेनं दिवस काढतं, त्याच तऱ्हेनं आपणही काढू लागतो.

ज्याची सवय व्हायला नको होती, ते मात्र वेगळं होतं. ते सांगण्यासाठीच मी आज इथं आले आहे.

माझी शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, दोन खोल्या. गावात भिलाला, कोरकू आणि काही घरं निहालांची. पहिलीत एक मुलगी होती. रोज यायची, खिचडी खायची, पाटी पुसून ठेवायची आणि वर्षभर एक शब्द बोलली नाही. मी अहवालात लिहिलं, प्रगती नाही. ते वाक्य आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

एका दुपारी मी पाण्यानं भरलेला पितळी गडवा टेबलावर ठेवला आणि एकेकाला विचारलं, यात काय आहे? भिलाल्यांचा मुलगा म्हणाला, पाणी. कोरकूंचा मुलगा म्हणाला, डा. ती मुलगी गप्पच. मी गडवा तिच्या हातात दिला. तिनं आत बोट बुडवलं, बोटाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "जोप्पो."

हा शब्द मराठी नव्हता, भिलाली नव्हता, कोरकूही नव्हता. संध्याकाळी मी तिच्या आजीला विचारलं. आजी आधी हसली, मग इकडंतिकडं पाहून म्हणाली, "बाई, थे आमची घरची बोली हाये. बाजारात नाई बोलत आमी."

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की ही निहाली. काइपर नावाच्या डच भाषाभ्यासकांनी 1962 साली तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. आसपासच्या कोरकूचे आणि मराठी-हिंदीचे पुष्कळ शब्द तिनं घेतलेत, पण तिच्या गाभ्याचं नातं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी अजून ठरवता आलेलं नाही. बोलणारे दोन-अडीच हजार. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, वसाली अशी आपल्याच जिल्ह्यातली गावं. शेगावला आणि सिंदखेडराजाला जगभरची माणसं येतात, आणि जगात दुसरीकडे कुठेही जिची बहीण नाही अशी भाषा याच जिल्ह्यात आहे, हे मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या भाषेतल्या मुलीला वर्षभर मुकी समजले.

मग 2023 चा जुलै आला. 22 तारखेचा तो पाऊस जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतलं कुणी विसरलेलं नाही. मी राहायची त्या खोलीचं छप्पर आदल्या रात्रीच गळू लागलं, नाले तुडुंब, खाली जायची सोय नाही. त्याच आजीनं मला हाताला धरून आपल्या घरात नेलं. तीन रात्री मी तिथं होते. मक्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, चुलीचा धूर आणि बाहेर पाण्याचा आवाज. बाहेरचं माणूस घरात आहे हे पहिल्या रात्री त्यांनी ध्यानात ठेवलं, सारे माझ्यासाठी मोडकीतोडकी मराठी बोलत होते. दुसऱ्या रात्री ते विसरले. आणि ती मुलगी, जी शाळेत ओठ उघडत नव्हती, ती चुलीशी बसून धाकट्या भावाला दटावत होती, आजीशी भांडत होती, कसलीतरी लांबलचक गोष्ट हातवारे करून सांगत होती. मी ऐकत बसले.

तिथं मी शंभर पानी वही काढली. चार रकाने आखले: मराठी, भिलाली, कोरकू, निहाली. आजी शब्द सांगायची, मुलगी माझा उच्चार सुधारायची. डोळ्याला जिकी. पाण्याला जोप्पो. मग अंक. बिदुम, इरार, मोथो, नालो. एक, दोन, तीन, चार. मी विचारलं, पाच? आजी म्हणाली, "पाचो." निहालीतले वेगळे अंक चारापर्यंत, पुढची मोजणी मराठी-हिंदीसारखीच. मला तो फार मोठा आधार वाटला. पाचापासून पुढे आमची वाट एकच होती, मला फक्त चार पावलं अलीकडे जायचं होतं.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर चिंचोके घेतले. पहिले चार निहालीत, कोरकू मुलांचे मिया, बारिया, आणि मग सगळ्यांनी मिळून पाच, सहा, सात. दिवाळीपर्यंत ती मुलगी वीसपर्यंत बेरीज करू लागली. बालभारतीचं पुस्तक तेच, मीही तीच.

शिक्षण हक्क कायद्यात, 2009 च्या, असं म्हटलंय की शक्य तोवर मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकवावं. "शक्य तोवर" हे दोन शब्द मी पुष्कळदा वाचते. निहालीत पुस्तक नाही, निहाली जाणणारा शिक्षक मला तरी भेटलेला नाही. पण शंभर पानी वही किराणा दुकानात मिळते, आणि आजी दर गावात असते. सातपुड्यात नव्यानं रुजू होणाऱ्या भावाबहिणींना माझी कळकळीची विनंती आहे, पाण्याची चौकशी जरूर करा, पण पाण्याला तिथं काय म्हणतात तेही पहिल्याच दिवशी विचारा.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते. यंदा पहिल्या दिवशी निहालांचा एक लहानगा दाराशी उभा होता, आत यायला तयार नव्हता, घशाला कोरड पडलेली. मी उठायच्या आत ती मुलगी उठली. तिनं गडव्यातलं पाणी वाटीत ओतलं, त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "जोप्पो?"

त्यानं मान हलवली आणि उंबरा ओलांडला.