दोऱ्याचे कानातले आणि आहेराची वही

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात जवळा बाजार येथे महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)



मोठ्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आमचा विषय कानात मावेल एवढाच आहे. क्रोशाच्या सुईने दोऱ्याचे कानातले विणून ते भेट म्हणून देण्याची आवड आपल्या घरांतून अलीकडे वाढली आहे. तिच्याविषयी दोन शब्द बोलावे, असे आम्ही महिला शाखेच्या बैठकीत ठरविले. त्याला कारण एक प्रसंग घडला.

याच पंचक्रोशीतील एका लग्नात आहेराची वही लिहिण्याचे काम नात्यातील एका तरुणाकडे होते. कोणाचे पातळ, कोणाचे भांडे, कोणाची रोख रक्कम, सर्व काही तो नीट मांडीत होता. नवरीच्या मावशीने पदराआडून एक लहानशी डबी पुढे केली. तीत पांढऱ्या दोऱ्याच्या कुड्यांचा एक जोड होता. तरुणाने नाव लिहिले, वस्तू लिहिली आणि विचारले, "मावशी, पुढं आकडा काय लिहू?" मावशी ओशाळल्या आणि म्हणाल्या, "राहू दे बाबा. दोऱ्याचंच तर आहे." त्याने तेथे एक आडवी रेघ ओढली.

ती रेघ आमच्या मनातून जात नाही. तरुणाचा दोष मुळीच नव्हता, त्याने आदराने विचारले होते. सल आहे तो मावशींच्या उत्तराचा. कारण त्या जोडापाठीमागे किती काम असते हे आम्हांस ठाऊक आहे. ज्यांस ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो.

कानातल्यास रुमालाचा जाड दोरा चालत नाही. चाळीस किंवा साठ नंबरचा दोरा घ्यावा लागतो. या मोजणीत नंबर जसा वाढतो तसा दोरा बारीक होतो. सुई साधारण एक मिलिमीटरची, तिच्या टोकाचा आकडा इतका सूक्ष्म की दिवेलागणीनंतर तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतो. सहा-आठ साखळ्यांचे कडे करावयाचे, त्या कड्यात बारा खांब घालावयाचे, दुसऱ्या फेरीत चोवीस, तिसरीत छत्तीस. प्रत्येक फेरीत बाराची वाढ राखली तर चक्र सपाट बसते. वाढ कमी पडली की त्याची वाटी होते, अधिक झाली की काठाला झालर पडते. जाणत्या बायका या चुकीचाच उपयोग करतात. वाटी मुद्दाम होऊ दिली की तिचा झुबा होतो, झालर मुद्दाम पाडली की तिचे फूल होते. शेवटी काठाला तीन-तीन साखळ्यांच्या बारीक गाठी घातल्या म्हणजे मोत्यांच्या कुडीचा भास होतो.

विणून झाले की खळ. काही जणी साखरेच्या पाकात बुडवितात. त्याने ताठपणा चांगला येतो, परंतु पावसाळ्यात चिकटपणा सुटतो आणि मुंग्या लागतात. मैद्याची किंवा साबुदाण्याची पातळ खळ अधिक बरी. खळ दिल्यावर जोड पाटावर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवावा. रंगाविषयीही एक सूचना. आपला हा भाग हळदीचा, म्हणून दोरा हळदीत रंगविण्याचा मोह होतो. रंग सुरेख चढतो, पण तो उन्हात टिकत नाही. भेट द्यावयाच्या वस्तूस पक्क्या रंगाचाच दोरा घ्यावा. कानात घालावयाची तार स्वस्तात मिळते तीत पुष्कळदा निकेल असते आणि त्याने अनेकींच्या कानाला खाज सुटते, पाळी चिघळते. चांगल्या प्रतीच्या पोलादाची किंवा चांदीची तार घेतली तर दोन पैसे अधिक पडतील, पण भेट कानात राहील, डबीत पडून राहणार नाही.

सर्वांत अवघड भाग अजून सांगितलाच नाही. तो म्हणजे दुसरे कानातले. पहिले कोणालाही जमते. परंतु दुसरे त्याच मापाचे उतरावे यासाठी हाताची ओढ तीच राहावी लागते. सकाळी एक विणले आणि रात्री थकल्या हाताने दुसरे विणले, तर टाके तितकेच मोजूनही एक घट्ट आणि एक सैल होते. मग उसवणे आले, पुन्हा विणणे आले. मावशींच्या त्या डबीत असे दोन-तीन तास तरी होते. वहीत त्यांच्या पुढे रेघ आली.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी नाही, हे मान्य केले पाहिजे. क्रोशे हा शब्दच फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ लहानसा आकडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात तिचा मोठा प्रसार झाला. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा जोगिणींच्या मठांतून मुलींना क्रोशाची जाळी शिकविली गेली आणि तिच्या विक्रीवर कित्येक कुटुंबे तगली. आपल्या देशात ही कला मिशनऱ्यांबरोबर आली आणि शाळांच्या शिवणवर्गांतून घराघरांत शिरली. महाराष्ट्रात तिने ताटावरचे रुमाल, दारावरची तोरणे आणि विशेषतः रुखवत ही स्थाने मिळविली. रुखवतात मांडलेले क्रोशाचे काम पाहून व्याही मंडळी मुलीचे कौतुक करीत. कौतुक मात्र तेथेच संपे. रुखवत उचलले की त्या कामाची वाटही संपे.

येथे आपल्या ज्ञातीस एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपण शिंपी. सुई-दोऱ्याशी आपला संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ज्या नामदेवरायांच्या नावाने आपण एकत्र येतो त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगरखे शिवले, चोळ्या शिवल्या, पुढे यंत्रावर सदरे आणि विजारी शिवल्या. प्रत्येक कपड्याची शिलाई ठरलेली असे. गिऱ्हाईकाने घासाघीस केली तरी शिलाईच नको असे कोणी म्हटले नाही. तयार कपडे बाजारात आले आणि शिलाई घसरली, तेव्हा घराघरांत काय झाले, हे येथे बसलेल्या वृद्धांस सांगावयास नको. टाक्याचे मोल उतरले की चुलीवरचे काय उतरते, हे आपल्याइतके कोणास कळणार? असे असता, पुरुषाच्या हातच्या टाक्याला शिलाई आणि त्याच घरातील स्त्रीच्या हातच्या टाक्याला नुसती शाबासकी, हा भेद आपण कसा सोसतो?

कोणी म्हणेल की, भेटीचा हिशेब करू नये, त्याने माया उणावते. हे म्हणणे वरवर गोड वाटते. मात्र ज्या वस्तूस मोलच नाही ती दिल्याने काय दिले? आपण तीन तास दिले हे देणारीस आणि घेणारीस दोघींस ठाऊक असेल, तरच ती भेट ठरते. सोन्याचे कानातले देणारा पावती फाडून टाकतो, तरी सोन्याचा भाव सर्वांस ठाऊक असतो, म्हणून त्याचा मान राहतो. आमचे मागणे इतकेच की दोऱ्यामागील वेळेचा भावही सर्वांस ठाऊक असावा. मग ती खुशाल फुकट द्यावी.

हा भाव ठाऊक नसला म्हणजे काय होते याचे एक उदाहरण फार दूरचे नाही. आपल्या जिल्ह्यातील पूर्णा नदी पुढे गोदावरीस मिळते, आणि गोदावरी नांदेडवरून पुढे वाहत आंध्रात समुद्रास मिळते. तिच्या तेथील एका फाट्यावर नरसापूर नावाचे गाव आहे. तेथील आणि आसपासच्या खेड्यांतील हजारो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून क्रोशाची जाळी विणतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन विदुषीने तेथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दिसते ते असे : या बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या. व्यापारी आणि दलाल त्यावर श्रीमंत होत होते. तरीही त्या बायकांस कामगार असे कोणी म्हणत नव्हते. त्या गृहिणी, फावल्या वेळात विणतात, असे सर्वजण म्हणत, पुष्कळदा त्या स्वतःही म्हणत. फावला वेळ म्हटले की मजुरी मागण्याचा प्रश्नच उरत नाही. २०२४ साली नरसापूरच्या या कामास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. वस्तूस नाव मिळाले, आता विणणारीसही मोल मिळो.

"दोऱ्याचंच तर आहे" आणि "फावल्या वेळात विणतात" ही एकाच कुळातील वाक्ये आहेत. आपल्याकडेही त्यांची फळे दिसू लागली आहेत. आमच्यातील एका भगिनीस एका दुकानदाराने चोवीस जोडांची मागणी दिली. दोरा तिचा, तार तिची, खळ तिची, डोळे तिचे. तिने तीन आठवडे दुपारच्या आणि रात्रीच्या वेळा खर्चून माल दिला. जोडास वीस रुपये हातात पडले. दोरा-तार वजा जाता काय उरले त्याचा हिशेब आम्ही तिच्यासमोर बसून केला, तेव्हा ती म्हणाली, "ताई, एवढ्या वेळात कापूस वेचायला गेले असते तर जास्त झाले असते." हे तिला तीन आठवडे कळले नव्हते, कारण तिने तास मोजलेच नव्हते. सदऱ्याच्या शिलाईचा हिशेब तिला तोंडपाठ आहे.

शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कापड यंत्रमागावर निघते, सदरा कारखान्यात शिवला जातो, परंतु खरे क्रोशे आजही माणसाच्या हातानेच विणले जाते. म्हणून बाजारात क्रोशाची वस्तू अगदी स्वस्त दिसली, तर कोण्या यंत्राने ती स्वस्त केली असे समजू नये. कोठेतरी कोणा बाईचा वेळ स्वस्त झालेला असतो.

दुसरी बाजू सोन्याची. कोरडवाहू शेतीच्या या मुलखात लग्नाच्या सोन्यापायी कर्ज काढणारी घरे आपल्या ज्ञातीतही आहेत. हुंड्यास मनाई करणारा कायदा १९६१ साली झाला, पण मानापानाच्या नावाने सोने मागण्याची चाल गेली नाही. जड डुलांनी कानाची पाळी ओघळते आणि कर्जाने घर ओघळते. दोऱ्याच्या जोडाचे वजन कानास जाणवतही नाही. तो सोन्याची जागा घेईल असा आमचा भ्रम नाही. संकटात सोने गहाण पडते, दोरा पडत नाही, हे आम्हांसही कळते. पण मावशीने, आत्याने, मैत्रिणीने द्यावयाच्या मायेच्या भेटीसाठी कोणी सावकाराचे दार चढू नये, एवढे तरी तो करू शकेल. मात्र त्यासाठी त्याला लग्नमंडपात मान मिळाला पाहिजे आणि मान वहीपासून सुरू होतो.

म्हणून महिला शाखेच्या वतीने तीन गोष्टी सुचवितो. पहिली, जी विणील तिने प्रत्येक जोडास किती वेळ लागला हे चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवावे, मग तो जोड भेटीचा असो की विक्रीचा. दुसरी, विक्रीचा असेल तेव्हा दोरा, तार आणि तास यांची बेरीज करून भाव सांगावा, आणि तो ज्ञातीतील सर्व भगिनींनी एकच सांगावा, म्हणजे एकीस पाडून दुसरीकडून घेण्याची सोय कोणास उरणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या वस्तू लुटण्याऐवजी मंडळाने हेच जोड याच भावाने विकत घेऊन वाण म्हणून द्यावेत. आपल्याच घरात योग्य दाम दिला नाही, तर बाहेरच्या दुकानदारास कोणत्या तोंडाने मागावा? तिसरी, ही विद्या मुलींबरोबर मुलांसही शिकवावी. आपल्या ज्ञातीत पुरुषाने सुई धरण्याची लाज कधी नव्हती, ती क्रोशाच्या सुईपाशी का असावी?

शेवटी त्या वहीकडे परत येतो. ज्या तरुणाने रेघ ओढली होती तो आज या सभेत बसला आहे. बैठकीत आमचे बोलणे त्याच्या कानी गेले, तेव्हा त्याने आपण होऊन ती वही आणून दाखविली आणि विचारले, "काकू, रक्कम नसेल तर मग काय लिहावं?" आम्ही त्यास सांगितले तेच आपणां सर्वांस सांगतो आणि रजा घेतो. आकड्याच्या जागी रेघ ओढू नये. तेथे लिहावे : दोऱ्याच्या कुड्या, एक जोड, तीन तास.