संस्थेचा कारभार आणि संगणक-प्रणालीची पारख
(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वैद्यकीय साहाय्य या तिन्ही खात्यांचे काम यापुढे संगणकावर चालवावे व त्यासाठी योग्य ते सॉफ्टवेअर घ्यावे, असा विचार कार्यकारी मंडळापुढे आहे. त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. आम्ही पेशाने शिक्षक. संगणकशास्त्रात आमची गती ती कितीशी असणार! तथापि परीक्षा कशी घ्यावी एवढे शिक्षकाला कळते, आणि आजचा प्रश्न परीक्षेचाच आहे. विक्रेते चार येतील व प्रत्येकजण आपलाच माल उत्तम म्हणेल. त्यांची पारख कोणत्या कसोट्यांवर करावयाची, हे त्यांना बोलावण्यापूर्वी ठरले पाहिजे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. जमाखर्चाचे सॉफ्टवेअर आपल्या कचेरीत आहेच. पैसा किती आला व किती गेला हे ते सांगते. परंतु अमुक अर्ज कोणाच्या मेजावर किती दिवस पडून आहे, हे त्यास ठाऊक नसते. ज्यास 'बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट' असे नाव आहे ते सॉफ्टवेअर नेमके हेच काम करते. कोणत्या कामानंतर कोणते काम, ते कोणी करावयाचे व किती दिवसांत, हे त्यास एकदा सांगून ठेवले की अर्ज एका हातून दुसऱ्या हाती तेच पोहोचविते, मुदत टळू लागली की आठवण देते आणि प्रत्येक निर्णयाची तारीख नोंदून ठेवते. आवक-जावक नोंदवही, शिपाई आणि स्मरणपत्रे लिहिणारा कारकून यांचे काम एकत्र केले असता जे होईल, ते हे.

याची गरज काय, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी आपल्याच समाजातील एका मुलीने तंत्रनिकेतनाच्या शुल्कासाठी मुदतीच्या आत अर्ज केला. दोन सह्या झाल्या. तिसरी सही ज्यांची व्हावयाची ते परगावी होते, आणि अर्ज त्यांच्या पिशवीत राहिला. शुल्काची तारीख उलटू नये म्हणून वडिलांनी व्याजाने पैसे काढले. आपला धनादेश पोहोचला, तोवर व्याजाचे तीन हप्ते गेले होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. अर्ज कोठे आहे हे कोणालाच दिसत नव्हते, एवढेच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्यांचे मामा किंवा व्याही कार्यकारी मंडळात आहेत, ते दूरध्वनी करून अर्जाचा पत्ता काढतात. दूरच्या तालुक्यातील शेतमजुराला कोणाचाच क्रमांक ठाऊक नसतो. ज्याची ओळख नाही त्याचाही अर्ज त्याच वेगाने पुढे जावा, हे या खरेदीचे खरे प्रयोजन आहे, आणि प्रत्येक प्रणाली आपण त्याच प्रयोजनाने तपासली पाहिजे.

आता पारखीकडे वळू. पहिले काम विक्रेत्याचे नसून आपले आहे. आपले काम आज कसे चालते, ते कागदावर काढले पाहिजे. ही कल्पना नवी नाही. फ्रँक व लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या टप्प्यांचे तक्ते मांडले होते. आज त्यासाठी 'बीपीएमएन' नावाची चिन्हलिपी रूढ आहे. ती २००४ साली प्रसिद्ध झाली, तिची दुसरी आवृत्ती २०११ साली आली आणि २०१३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. बारीक रेघेचे वर्तुळ म्हणजे आरंभ, जाड रेघेचे म्हणजे शेवट, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम आणि शंकरपाळ्याची आकृती म्हणजे वाट फुटण्याची जागा. सातवीतील मुलगा एका तासात हे शिकेल.

आम्ही आपल्या शिष्यवृत्तीची वाट अशी काढून पाहिली. अर्ज सात हातांतून जातो, आणि उत्पन्नाचा तोच दाखला त्यांत दोनदा तपासला जातो. ही वाट जशीच्या तशी संगणकात घातली तर दुहेरी तपासणी अधिक वेगाने होईल, बंद होणार नाही. मायकेल हॅमर यांनी १९९० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हीच गोष्ट उदाहरणाने पटवून दिली. फोर्ड मोटर कंपनीच्या देणी चुकविण्याच्या खात्यात उत्तर अमेरिकेत पाचशेहून अधिक माणसे होती. संगणकाच्या साहाय्याने त्यांपैकी शंभरएक कमी होतील, असा अंदाज होता. माझदा कंपनी मात्र तेच काम पाच माणसांत करीत असल्याचे आढळले. मग फोर्डने मागणीपत्र, माल पोहोचल्याची नोंद व विक्रेत्याचे बिल यांचा मेळ घालीत बसणेच सोडले. माल दारात येताच मागणीशी ताडून पाहावा व पैसे द्यावेत, असे ठरले. बिलाची गरजच उरली नाही. त्या खात्यातील माणसे तीन-चतुर्थांशाने कमी झाली. तात्पर्य, अनावश्यक पायरी आधी काढावी, प्रणाली मागाहून आणावी.

यानंतर विक्रेत्यास बोलवावे, पण त्याच्या नमुन्यावर विसंबू नये. त्याच्या नमुन्यातील अर्जदाराची सर्व कागदपत्रे नेहमीच पूर्ण असतात! आपण आपले दहा जुने अर्ज, त्यांवरील नावे झाकून, त्याच्यापुढे ठेवावेत. आणि ते अडलेलेच निवडावेत. एकाचे वडील वारले असून उत्पन्नाचा दाखला मिळावयाचा आहे. दुसऱ्याचे नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक व बँकेच्या पुस्तकावर दुसरे आहे. तिसऱ्याने अभ्यासक्रम मध्येच बदलला आहे. अशा वेळी अर्ज वाटेबाहेर काढून योग्य त्या माणसापुढे नेता येतो काय, आणि तसा तो कोणी व कोणत्या कारणाने नेला याची नोंद राहते काय? अपवादास जागाच नसेल तर प्रणाली निर्दय ठरेल; अपवादाची नोंद नसेल तर जुना वशिला नव्या वेषात परत येईल.

दुसरी कसोटी बदलाची. आपल्या निवडणुका होतात, पदाधिकारी बदलतात, नियमही बदलतात. एक सही कमी करावयाची झाल्यास आपल्या कचेरीतील कारकुनास ते जमेल, की दरवेळी विक्रेत्यास शुल्क देऊन पाचारण करावे लागेल?

तिसरी कसोटी मराठीची. मजकूर युनिकोड पद्धतीत साठला पाहिजे, म्हणजे नाव शोधता येते आणि यादी अकारविल्हे लागते. अर्जदारास जाणारी सूचनाही मराठीतच जावी.

चौथी कसोटी बाहेर पडण्याची. उद्या ही प्रणाली सोडावी लागली तर आपल्या वाटांचे तक्ते व अर्जांची सर्व माहिती साध्या कोष्टकाच्या रूपाने परत मिळेल काय? विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालींविषयीही हा प्रश्न विचारावा. जर्मनीतील कामुंडा कंपनीची सातवी प्रणाली अनेक संस्था विनामूल्य वापरीत; तिची शेवटची विनामूल्य आवृत्ती २०२५ सालच्या ऑक्टोबरात निघाली. ज्यांचे तक्ते प्रमाण चिन्हलिपीत होते, त्यांना निदान तक्ते नव्याने काढावे लागले नाहीत.

पाचवी कसोटी गुप्ततेची. अर्जात आजाराचे कागद असतात, उत्पन्न असते, आधार क्रमांक असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला व त्याचे नियम २०२५ सालच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याचे बंधन त्यात आहे. कोणता कागद कोणास दिसावा हे प्रणालीत ठरविता आले पाहिजे.

शेवटची कसोटी किमतीची. दर माणशी दरमहा ५०० रुपये हा आकडा लहान वाटतो; पण वीस माणसे धरली तर वर्षाचे १,२०,००० रुपये व तीन वर्षांचे ३,६०,००० रुपये होतात. हा पैसा शिष्यवृत्तीच्या निधीतूनच जाणार आहे. म्हणून भाव तीन वर्षांचा, शिकवणी व दुरुस्तीसह मागावा.

या सहा विषयांना गुण द्यावेत, पण केवळ बेरीज पाहू नये. शाळेत गणितात नापास झालेला मुलगा चित्रकलेच्या गुणांवर वर चढत नाही. तद्वत् अपवाद, बाहेर पडणे व गुप्तता या तीन विषयांत जी प्रणाली उत्तीर्ण होणार नाही, ती कितीही स्वस्त व देखणी असली तरी नाकारावी.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की, यंत्र आले म्हणजे आपुलकी जाईल. त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आजारी माणसाच्या घरी जाऊन विचारपूस करणे कोणत्याही प्रणालीस साधणार नाही. ते आपणच केले पाहिजे. परंतु अर्ज शोधण्यात जाणारे चिटणिसांचे दिवस वाचले, तर त्या विचारपुशीस वेळ मिळेल.

सबब आमची सूचना अशी. प्रथम केवळ शिष्यवृत्तीचे खाते घ्यावे. वाट कागदावर काढून तिच्यातील अनावश्यक पायऱ्या गाळाव्यात. निवडीच्या समितीत कचेरीतील कारकून व वसतिगृहातील दोन विद्यार्थी अवश्य घ्यावेत, कारण प्रणाली रोज वापरणार ते कारकून आणि तिची वाट पाहणार ते विद्यार्थी. तीन महिने कागद व संगणक दोन्ही चालवून पाहावे, आणि अर्ज आल्यापासून धनादेश निघेपर्यंत किती दिवस लागले, ते पुढील सभेत आकड्यांनिशी मांडावे. ते दिवस कमी झाले असतील तर बाकीची खाती घ्यावीत. नसतील तर विक्रेत्यास नमस्कार करून निरोप द्यावा.

या सूचनेचा सभेने विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.