पहिला जॉब पास होण्याआधी



मी मारुंजीचा. आमच्या गावाची शीव हिंजवडीच्या आयटी पार्कला लागूनच आहे. त्यामुळे मोबाइलच्या ॲपविषयी बोलणारा माणूस म्हटले की तो तिथल्याच एखाद्या काचेच्या इमारतीतला असणार, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर बारा वर्षे सेटर म्हणून काम केले. ॲप करायला शिकलो ते नंतर, आणि तेही घरच्या घरी.

सेटरचे काम काय असते, ते आधी सांगतो. मशीनला नवा जॉब लावायचा तर फिक्स्चर बसवायचे, टूल बांधायचे, ऑफसेट घ्यायचे, मग पहिला जॉब काढून तो मोजून पास करून घ्यायचा. कधी कधी अर्धी पाळी यातच जाते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, मशीन नुसते उभे आहे. पण सेटिंग चुकले तर पुढचे पाचशे जॉब भंगारात जातात. म्हणून जॉबनुसार सेटिंग शीट लिहिलेली असते. कोणते टूल, किती बाहेर, कोणता ऑफसेट, सगळे त्यात असते. उद्या दुसरा सेटर आला तरी त्याचे अडू नये.

२०१९ साली आमच्या आळीतल्या महिला बचत गटाच्या सचिव काकू मला म्हणाल्या, "हिशेबाची वही भिजली रे. मोबाइलवर काही करता येईल का?" चौदा बायकांचा गट. दरमहाची बचत, अंतर्गत कर्ज, त्याचा हप्ता आणि व्याज. मी म्हटले, करू की. अडचण एकच होती. सचिव काकूंकडे अँड्रॉइड फोन आणि अध्यक्ष मावशींकडे मुलाने दिलेला जुना आयफोन. हिशेब दोघींकडेही हवा होता.

इथे थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. २००८ साली ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. दोघांची भाषा वेगळी, हत्यारे वेगळी. म्हणजे एकच ॲप दोनदा लिहायचे. हे दुप्पट काम टाळायला एकदाच लिहून दोन्हीकडे चालवण्याची साधने निघाली. आधी फोनगॅप, झामरिन. मग २०१५ साली फेसबुकचे रिॲक्ट नेटिव्ह आले, आणि २०१८च्या डिसेंबरात गुगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती. मी फ्लटर निवडले.

लिहायचे एकदा, हे खरे. पण मांडामांड दोनदाच करावी लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर आधी गिट घेतले, मग फ्लटर, मग अँड्रॉइड स्टुडिओ. हे सगळे कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते संगणकाला सांगावे लागते, त्याला पाथ म्हणतात. तो एका अक्षराने चुकला की काही चालत नाही. फ्लटरबरोबर 'डॉक्टर' नावाची एक आज्ञा येते. ती दिली की काय बसले आणि काय राहिले, याची यादी बरोबर-चूक अशा खुणांसह समोर येते. माझ्या त्या यादीत पहिल्या दिवशी चुकांच्याच खुणा जास्त होत्या. संगणकावरच खोटा फोन चालवून ॲप तपासता येते, त्याला एम्युलेटर म्हणतात. पण माझा लॅपटॉप त्या ओझ्याने बसायचा. मग खरा फोनच वायरने जोडला. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवावे लागते, तेव्हा फोन डेव्हलपरसाठी मोकळा होतो. चार रविवार गेले, तेव्हा कुठे पडद्यावर 'नमस्कार' एवढे एक अक्षर उमटले. तो माझा पहिला जॉब!

आयफोनचे प्रकरण आणखी वेगळे. त्याचे ॲप बांधायला एक्सकोड लागते आणि ते फक्त ॲपलच्याच संगणकावर चालते. हिंजवडीतल्या एका मित्राने रविवारी त्याचा संगणक वापरू दिला. ॲपलची वर्षाची फी ९९ डॉलर. ती मी वाचवली. फुकटच्या खात्यावरही स्वतः जोडलेल्या फोनमध्ये ॲप घालता येते, पण ते सात दिवसांनी उघडायचे थांबते. म्हणून दर रविवारी मी मावशींचा फोन घेऊन मित्राकडे जायचो.

तरी ॲप चालू लागले. काकू खूश होत्या. मी ऐटीत म्हणालो, "काकू, आता वही कशाला?" त्यांनी वही ठेवून दिली.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. माझ्या रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या आणि मावशींच्या फोनमधले ॲप आठवड्यातच उघडेनासे झाले. आता हिशेब एकट्या काकूंच्या फोनवर. नेमक्या त्याच महिन्यांत गटाने सगळ्यात जास्त कर्जे दिली. कोणाच्या नवऱ्याचे काम सुटले होते, कोणाकडे दवाखाना निघाला होता.

त्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. ॲपची प्रत पेन ड्राइव्हवर होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. नव्या डिस्कवर सगळी हत्यारे पुन्हा बसवली, नोव्हेंबरात एक सुधारणा केली आणि काकूंना पाठवली. त्यांच्या फोनने ती घेतलीच नाही. मी म्हटले, "जुने काढून टाका आणि नवे घाला." त्यांनी तसे केले. नवे ॲप उघडले, तर आत काही नाही. आठ महिन्यांचा हिशेब गेला होता.

कारण मागाहून कळले. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपवर करणाऱ्याच्या किल्लीची सही असते. सही जुळली तरच फोन नवी आवृत्ती जुन्यावर बसू देतो. मी स्वतःची किल्ली कधी केलीच नव्हती. नवख्याचे अडू नये म्हणून ही साधने आपण होऊन एक तात्पुरती चाचणीची किल्ली करतात, आणि ती संगणकाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहते. डिस्कबरोबर तीही गेली. नव्या डिस्कवर नवी किल्ली झाली, म्हणजे फोनच्या लेखी मी परका झालो. आणि जुने ॲप काढताच त्याच्या पोटातली नोंदही गेली.

मग मंदिराच्या सभामंडपात तोंडाला मास्क लावून सगळ्याजणी दोन दिवस बसल्या. बँकेचे पासबुक, फोनवरचे निरोप आणि आठवण, एवढ्यावर हिशेब पुन्हा उभा केला. एकीचा सहाशे रुपयांचा हप्ता काही केल्या जुळेना. ती म्हणत होती, दिलाय. पुरावा नव्हता. गटाने तिचा शब्द मानला. मी सहाशे रुपये पुढे केले, तर काकू म्हणाल्या, "पैशाचं राहू दे. तिला आज चारचौघीत सांगावं लागलं, ते तू कसं भरून देणार?"

बारा वर्षे सेटिंग शीटशिवाय मशीनला हात न लावणारा मी, इथे मात्र कागदावर एक ओळ लिहिली नव्हती.

आता माझी शीट भिंतीवर आहे. फ्लटर, अँड्रॉइड स्टुडिओ, जावा यांच्या कोणत्या आवृत्त्या, ते लिहिलेले. स्वतःची किल्ली आणि तिचा पासवर्ड, दोन घरी दोन प्रती. नवी आवृत्ती आधी माझ्या फोनवर जुनीवर चढवून बघायची. दर महिन्याला हिशेब फोनबाहेर काढायचा. आयफोनची फी आता भरतो. साधनेही कायमची नसतात. फोनगॅप २०२० साली गुंडाळले गेले, झामरिनचा आधार २०२४ साली संपला. म्हणून शीट दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचायची.

गावातली मुले शिकायला येतात. त्यांना पहिल्याच दिवशी ॲप करायची घाई असते. मी त्यांच्या हातात आधी वही देतो आणि सांगतो, जे जे बसवाल ते लिहून ठेवा. थोडी कुरकुरतात, पण लिहितात.

आणि हो, काकू आता ॲपही वापरतात आणि वहीही लिहितात. त्यांना वही बंद करा, असे मी पुन्हा कधी म्हटलेले नाही.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)