ब्रह्मपुरीचं टेकाड



कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. नदीकाठचा उंचवटा म्हणजे निसर्गाचीच करणी, असं आपण धरून चालतो. ब्रह्मपुरी मात्र माणसांच्या राहण्यातून उंच होत गेली. मातीची भिंत पावसाळ्यात ढासळते. तो ढिगारा कोण कशाला लांब नेऊन टाकेल? तिथंच चोपून सपाट करायचा आणि वर नवं घर उठवायचं. चुलीतली राख, फुटकी खापरं, शेणामातीची जमीन असं एकावर एक बसत जातं.

१९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. वरच्या थरांत बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते, तर खोल गेल्यावर सातवाहनकाळातली विटांची घरं आणि त्या काळची नाणी. टेकाडाचं वय ठरलं ते असं थर ओळखत. त्यातही सावध राहावं लागतं. मागाहून कुणी धान्यासाठी पेव खणलं, उंदरानं बीळ केलं, की वरचं खापर खाली पोचतं आणि हिशेब चुकतो.

या उत्खननाच्या थोडंच आधी प्रा. कुंदनगार यांनी इथं खोदकाम केलं, तेव्हा ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला होता. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी मूर्ती होती. ही मूर्ती पाहिली की इथं ग्रीकांची वस्ती होती, असं म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. त्याच साठ्यात हत्तीवर बसलेल्या माणसांचं शिल्प आहे, आणि ते उघडच भारतीय हातचं आहे. कोकणच्या बंदरात उतरलेला, या मूर्तीसारखा रोमन माल घाट चढून इथं येत होता, आणि तो विकत घेणारी सधन माणसं या गावात होती, एवढं यातून नक्की दिसतं. आणि कोल्हापूरसाठी ते थोडं नाही.

तुमच्या शिवारात असं जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं टेकाड असेल, नांगराला खापरं लागत असतील, तर खतासाठी ती माती उचलण्याआधी पुरातत्त्व खात्याला जरूर कळवा. एकदा थर विस्कटले, की नाणं हाती येतं, पण ते कुणाच्या घरातलं हे कळायचा मार्ग उरत नाही.

ब्रह्मपुरीतल्या वस्तू टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहेत. पोसायडन बघायला जाल, तेव्हा मातीच्या भांड्यांपाशीही थांबा.